बारावी कळी

"मी रीगाच्या इस्पितळात जाणार नाही," ऊल्डिसनं भिंतीकडे तोंड करून सांगून टाकलं. "छाती फाडून घ्यायला मी काय डुक्कर आहे? आणि यंदा ट्यूलिप लावू नकोस. वसंतात बघायला आहे कोण?"

वेल्टाचं डोकंच फिरलं. एवढा दांडगा नवरा, नि ऑपरेशनला घाबरून मरायची वाट बघत पडलेला! तिनं कुदळ घेतली आणि मुद्दाम त्याच्याच खिडकीखाली माती उकरायला लागली. पानगळ उरकत आली होती, जमीन गोठायच्या आत कंद आत जायला हवे होते.

"किती लावलेस?" खिडकीतून आवाज आला.

"दहा."

"दहा?"

"हो, दहा! फुलले की कापून थेट तुझ्या कबरीवर. बाजारात जायचे माझे कष्ट वाचले."

सम फुलं मेलेल्याला, विषम जित्याला, हे त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ऊल्डिस लालबुंद झाला. "बाई, जिभेला काही हाड?" रात्रभर धुसफुसला आणि सकाळी म्हणाला, "भर माझी बॅग. तुझी फुलं फुकट घालवतो की नाही बघ!"

वेल्टा जिंकली. पण बॅग भरताना तिच्या मनात आलं, बोलायला बोलून गेले, पण खरंच तसं झालं तर? तो दाढी करत होता तेवढ्यात ती गुपचूप बाहेर गेली आणि टोपलीतला उरलासुरला एक किडका कंद मातीत दाबून आली. अकरा झाले. मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

ऑपरेशन नीट पार पडलं. नाताळाला ऊल्डिस घरी आला आणि पलंगाला जो चिकटला तो चिकटलाच. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला. हा म्हणे, टाके सुटतील. बर्फ वितळलं, बर्च झाडांना पालवी आली, तरी उंबरा काही ओलांडेना. वेल्टानं गोडीनं सांगितलं, शिव्या घातल्या, एकदा तर चक्क रडली. ढिम्म!

मे महिन्यात खिडकीखाली अकरा ट्यूलिप फुलले. आणि मग एका सकाळी भिंतीला खेटून आणखी एक वाकडी कळी तिला दिसली. तिनं पुन्हा मोजलं. बारा! पुन्हा सम! त्यानं बघायच्या आत कापलीच पाहिजे म्हणून ती चाकू घेऊन धावली.

"हात लावू नकोस तिला!"

वळून बघते तर ऊल्डिस दारात. सदऱ्याची बटणं उघडी, पायांत चपलासुद्धा नाहीत. चौकट सोडली आणि तीन पायऱ्या उतरून आला.

"तो कंद माझा आहे. रीगाला निघायच्या आधी, तू कोंबड्यांना दाणे टाकत होतीस तेव्हा टोपलीतला एक लावला, विषम व्हावेत म्हणून. वाकलो तेव्हा वाटलं, जीव इथंच जातो."

वेल्टा बघतच राहिली. "अरे मेल्या, मीही एक लावला होता!"

 मग ऊल्डिस छाती धरून हसायला लागला. "तुझा कुठला? तो काप."

तिनं आपला तो खुरटा पिवळा कापून त्याच्या हातात दिला. तो फूल धरून बाकावर बसला, अनवाणी पाय उन्हात पसरले.

"वेल्टा," तो म्हणाला, "कॉफी बाहेरच आण."