दोनदा पुसलेलं पान

ऑफिसात मला मास्तर म्हणतात. वीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासतोय, म्हणजे चुका काढून पोट भरतोय. तपासणीचे शेरे सगळ्या कंपनीला दिसतील असे लेखी द्यायचे, हा आमच्याकडचा नियम. नवीन माणसाच्या बाबतीत मी तो खुशाल धाब्यावर बसवायचो. त्याने कोड नोंदवायच्या आधीच शेजारी स्टूल ओढायचं, काय ते हळू आवाजात सांगायचं, आणि सुधारलेला कोड नोंदीत आला की खाली लिहायचं, ‘ठीक आहे’. चारचौघांत कुणाला खाली मान घालायला लागू नये, एवढाच हेतू. या मोठेपणाचं मला फार कौतुक होतं. ते कसं अंगाशी आलं ते सांगतो. माझ्या अंगाशी आलं असतं तर सांगायला बसलोही नसतो.

एका मोठ्या संगणकात शेकडो आभासी संगणक चालवायचे, हा आमचा धंदा. गिऱ्हाइकाला वाटतं, आपलं स्वतंत्र यंत्र आहे. खरं तर तो लॉजच्या खोलीत उतरलेला असतो. मेमरी लहान लहान पानांत वाटलेली असते. एकाने सोडलेलं पान दुसऱ्याला देतात, पण देण्याआधी ते पुसून कोरं करायचं. चादर बदलल्याशिवाय खोली द्यायची नाही, इतकं साधं आहे ते. निदान मला तरी ते साधं वाटायचं.

ताई आमच्याकडे आल्या तेव्हा आठ वर्षं मुलांपायी घरी काढून आल्या होत्या. वय चाळिशीला टेकलेलं, टीममधली पोरं ताई म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. पहिले सहा महिने चाचणीचे, मग नोकरी कायम. पाचवा महिना चालू होता. “या वेळी नाही जमलं तर पुन्हा मला कोण विचारणार, मास्तर?” असं त्या एकदा डबा खाता खाता म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, “मी आहे ना.” असली वाक्यं मला पटकन सुचतात.

पानं वाटायचा भाग जलद करायचं काम त्यांच्याकडे होतं. मी स्टूल ओढलं. कोड नेटका होता, उगाच चूक काढायला जागा नव्हती. तरी एक ओळ सापडली.

“ही कशाला?”

“पान देण्याआधी पुसते.”

“अहो, वर पुसलंय की ते. दोनदा पुसून काय अजून पांढरं होणार आहे?”

“नाही, पण मेमरी कमी पडली की घाईघाईत पानं परत मागवतात ना, तेव्हा एखादं पान त्या वरच्या ओळीतून न जाताच खाली येईल, असं वाटतं मला.”

“तसं होत नाही ताई. तो भाग मी पाठ केलाय. उगाच वेळ खाईल ती ओळ.”

त्या ओळीच्या डोक्यावर त्यांनी एक टीप लिहिली होती: दोनदा पुसल्यासारखं वाटेल, पण राहू द्या. मी हसलो. “ही काय फ्रिजवर लावायची चिठ्ठी आहे का?” त्याही हसल्या आणि ओळ, टीप, दोन्ही काढून टाकल्या. मी ‘ठीक आहे’ लिहिलं आणि चहाला गेलो.

तीन आठवड्यांनी एका शाळेच्या यंत्रावर, मुलांच्या वेळापत्रकाच्या मधोमध, एका दवाखान्यातल्या रोग्यांची नावं उमटली. वय, पत्ता, आजार, सगळं. मेमरी कमी पडली होती, घाईत पानं परत मागवली होती, आणि एक पान न पुसता पुढे गेलं होतं. ताई म्हणाल्या होत्या त्याच वाटेने.

गुरुवारी अकरा वाजता बैठक झाली. साहेबांनी तो कोड भिंतीवर मोठा करून दाखवला.

“हे कोणी लिहिलं?”

“मी,” ताई म्हणाल्या.

“आणि मास्तर, तपासलं तुम्ही?”

“हो.”

“मग हे दिसलं कसं नाही?”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. माझं वय चौपन्न. मागच्याच महिन्यात शेजारच्या टीममधल्या तिघांना घरी पाठवलं होतं. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

“नजरेतून सुटलं,” मी म्हणालो.

“होतं असं. दिवसाला पन्नास बदल बघता तुम्ही,” साहेब म्हणाले आणि ताईंकडे वळले. पुढची वीस मिनिटं मी समोरच्या पेल्यातलं पाणी बघत बसलो. ताईंनी माझं नाव घेतलं नाही.

घरी जेवताना मी हिला सगळं सांगितलं.

“अहो, मग तिथेच बोलायचं ना!”

“उद्या बोलतो. साहेबांना एकट्याला गाठून.”

“एकट्याला गाठून,” ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली.

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या केबिनचं दार बंद होतं. बाहेर थांबता आलं असतं. मी जागेवर जाऊन पत्रं वाचली, कोणाचीतरी तीन ओळींची दुरुस्ती अर्धा तास तपासली. जेवून आलो तर ताईंची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती आणि त्यांच्या मुलांनी काढलेलं चित्र भिंतीवरून गेलं होतं. टेपचे चार तुकडे तेवढे राहिले होते.

सोमवारी मी केबिनमध्ये शिरलो आणि एका दमात सगळं सांगितलं. ओळ होती, मी काढायला लावली, चूक माझी.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मास्तर, तुमचा स्वभाव आम्हाला माहीत नाही का? मागे त्या जाड्या पोराने घोळ घातला, तेव्हाही चूक तुम्ही अशीच अंगावर घेतली होती.”

“तेव्हा खोटं होतं. हे खरं आहे.”

“बरं, कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं लिहिलेलं. नोंदीत एकच कोड होता, ताईंचा, आणि खाली माझं ‘ठीक आहे’. वीस वर्षं मी पुरावा न ठेवता भलेपणा करत आलो होतो, आणि आता मला कोणी गुन्हेगार मानायलाच तयार नव्हतं.

“गुरुवारी का नाही बोललात?” साहेबांनी सहज विचारलं. मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. त्यांनी मान हलवली, जणू त्यांचंच खरं ठरलं.

बाहेर येऊन मी ताईंना फोन केला. मागे मुलांचा गलका होता.

“ताई, तुमचा पहिला कोड आहे का कुठे? ती ओळ असलेला?”

“लॅपटॉपवर होता.”

“मग गुरुवारी दाखवला का नाहीत?”

“बैठकीत उघडूनच बसले होते मी, मास्तर. मी दाखवला असता तर तुमच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही सांगितलंत की लगेच दाखवायचा, असं ठरवलं होतं.”

“आता लॅपटॉप कुठे आहे?”

“जमा केला शुक्रवारी. माझ्यासमोरच त्यांनी सगळा पुसला.” मग मुलाला कसलंसं रागावून त्या म्हणाल्या, “राहू द्या आता. तुम्ही जपा.”

माझ्या तोंडून साधं ‘माफ करा’ निघायच्या आत फोन ठेवला गेला. पुन्हा लावायचं धैर्य झालं नाही.

दुपारी दुरुस्तीचं काम माझ्याकडेच आलं. एका ओळीचं काम. मी ती ओळ होती तिथे परत लिहिली. वर टीपही लिहिली, शब्द न शब्द आठवत होता: दोनदा पुसल्यासारखं वाटेल, पण राहू द्या. लिहिणाऱ्याच्या जागी ताईंचं नाव घातलं आणि पाठवलं. यंत्राने ते परत केलं. या नावाचं कोणी इथे काम करत नाही, असं उत्तर आलं. मी पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा मी माझं नाव घातलं, आणि ते क्षणात गेलं.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्या कंपनीला पत्र पाठवलं. मास्तरांनी एका दिवसात दोष हुडकून दुरुस्त केला, अनुभव म्हणतात तो हा, असं त्यात होतं. खाली पोरांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती. एका नव्या मुलाने लिहिलं होतं, “टीप वाचली मास्तर, किती पुढचा विचार करता तुम्ही!” मी त्याला ‘आभारी आहे’ असं उत्तर लिहिलं.