दाबून धरायचं बटण

मास्तरांना कुणी नावानं हाक मारत नसे. वेगवान गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या सरावपट्टीवर ते बावीस वर्षं गिऱ्हाइकांना गाडी चालवायला शिकवत होते, आणि फटकळपणात त्यांचा हात धरणारा तिथं कुणी नव्हता. नवी गाडी घेणाऱ्यानं किल्ली हातात पडण्याआधी एक दिवस मास्तरांच्या तावडीत काढायचा, ही कंपनीची जुनी रीत होती. दिवसाचा शेवटचा धडा म्हणजे ओलं रिंगण. गुळगुळीत फरशीचं मोठं वर्तुळ, त्यावर नळांनी सतत पाणी सोडलेलं. मास्तर गाडीतलं एक बटण दाबत, पिवळा दिवा लागे आणि ते म्हणत, "आता गाडीची सगळी हुशारी बंद. घसरली तर तुम्ही आणि तुमचं नशीब. आणि वळणात ब्रेक मारायचा नाही, तो भित्र्यांचा धंदा."

गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं, गाडी डुलत डुलत रिंगण पुरं करायची आणि मास्तर कागदावर सही ठोकायचे. आपण माणूस तयार केला, या समाधानात ते घरी जाऊन दोन घास जास्त जेवत.

मग नवे साहेब आले. "मास्तर, घसरायला लागली की गाडी आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावते," ते म्हणाले. "मग रिंगणाचा खटाटोप कशाला? पुढच्या महिन्यापासून बंद करू."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या गाडी तुम्हाला घासही भरवेल, मग दात पाडून घ्याल का? बुधवारी सगळ्यांना बोलवा. गाडीची ही मदत बंद करून मी रिंगण मारतो, मग तुमच्यातला कुणीही मारू दे. फरक दिसला नाही, तर रिंगणाबरोबर मलाही घरी पाठवा."

गाडी तयार करायचं काम मास्तरांच्या जावयाकडे आलं. तो त्याच कंपनीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम बघायचा. त्याच्या हातात स्टिअरिंग म्हणजे माकडाच्या हातात कोलीत, असं मास्तर चारचौघांत म्हणत, आणि तो बिचारा ऐकून घेत असे.

"जावईबापू," मास्तर म्हणाले, "सगळं पूर्ण बंद करून द्या. मागाहून कुणी बोट ठेवायला नको."

"पूर्ण?"

"मराठीतच सांगतोय ना?"

बुधवारी कठड्यापाशी पंधरा-वीस माणसं उभी होती. मास्तरांनी ऐटीत गाडी रिंगणात घातली. अर्ध्या वर्तुळावर मागची बाजू सरकली, रोज सरकायची तशीच. मास्तरांनी स्टिअरिंग उलटं दिलं, रोज द्यायचे तसंच. गाडी सावरली नाही. ती दीड गिरकी घेऊन मागच्या अंगानं टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही. कठड्यापाशी कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला काढून ते हसू झाकलं.

वर्कशॉपमध्ये गाडी आणल्यावर मास्तर जावयावर घसरले. "काय करून ठेवलंत गाडीला?"

"तुम्ही म्हणालात तेच. मदत पूर्ण बंद केली."

"मी रोज बंद करतो! बटण दाबतो, दिवा लागतो."

जावयानं हातातली वायर खाली ठेवली. "बाबा, एकदा दाबलं की फक्त थोडी ढील मिळते, मदत चालूच राहते. पूर्ण बंद करायला पाच सेकंद दाबून धरावं लागतं. सहा वर्षांपूर्वी नवं मॉडेल आलं तेव्हापासून. पुस्तकात दिलंय."

पुस्तक मास्तरांना मिळालं होतं. पुस्तकं शिकाऊंसाठी असतात, असं म्हणून त्यांनी ते टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारलं होतं. ते अजून तिथंच होतं.

जावयानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. गाडी सगळं नोंदवून ठेवते. काल सकाळी गिऱ्हाइकाला नमुना म्हणून मास्तरांनी स्वतः मारलेल्या एका फेरीत तिनं त्यांना अकरा वेळा सावरलं होतं.

मास्तर स्टुलावर बसले. जुन्या गाड्यांवर बसलेला हात या सहा वर्षांत कधी गेला, ते त्यांना कळलंच नव्हतं. पोराला सायकल शिकवताना बाप मागून धरतो आणि पोराला वाटतं आपणच चालवतोय, तसं झालं होतं. पोर सहा वर्षं छाती पुढे काढून फिरलं, वर दुसऱ्या पोरांना शिकवत सुटलं. या सहा वर्षांत ज्यांच्या कागदांवर त्यांनी सह्या ठोकल्या ती सगळी माणसं आपल्याला घसरती गाडी सावरता येते, अशा खात्रीनं कुठं कुठं सुसाट जात असतील. मास्तरांना शरमेनं मान वर करवेना.

"मागचे टायर झिजले होते, असं लिहितो मी," जावई हळूच म्हणाला. "तुमची अब्रू राहील, रिंगणही राहील. पण तिला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, बाबांवर जळता."

ती म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. चार वर्षांपूर्वी ह्याच रिंगणात ती तयार झाली होती आणि मास्तरांची जुनी गाडी चालवायची. त्या गाडीत मदत नावाचा प्रकारच नव्हता.

सहा वर्षांत सह्या केलेल्या सगळ्यांना कळवायला हवं, हे वाक्य मास्तरांच्या घशापर्यंत आलं. "टायरच लिहा," ते म्हणाले. तासाभरानं साहेब आले, खांदा थोपटून म्हणाले, "टायर होते होय! राहू द्या तुमचं रिंगण." मास्तरांनी मान डोलावली. स्वतःची इतकी किळस त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती.

संध्याकाळी ते लेकीकडे गेले तेव्हा ती चपला घालून, किल्ली घेऊन दारातच उभी होती. मास्तरांनी तिथल्या तिथं सगळं सांगितलं, बटणासकट.

लेक हसली. "ह्यांनी सांगितलं मला, टायर गेले होते म्हणून. एकदा घसरलात, तर किती मनाला लावून घ्याल?"

"अगं, टायर खोटे आहेत. मी तुला काही शिकवलंच नाही. गाडी हळू चालव."

"बाबा, हळू चालवणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता ते मला पाठ आहे." तिनं त्यांच्या हातावर थोपटलं. "चहा करून ठेवा, आलेच मी."

मास्तर फाटकाशी उभे राहिले. रस्त्याच्या टोकाला खोदकाम चाललं होतं आणि वळणावर वाळू सांडलेली होती. गाडी तिकडे निघाली. वेग त्यांना कानांनीच कळला. ते मागच्या, ब्रेकच्या लाल दिव्यांकडे बघत होते. एकदा, फक्त एकदाच ते लागावेत.

दिवे लागले नाहीत. वळणात ब्रेक मारायचा नाही, हे पोरगी बापाकडून नीट शिकली होती.