वेगळी चूल

सरकारी पाहणीवाली मुलगी घरी येणार, त्याच्या आदल्या दिवशी मुलाने माईच्या खोलीत नवी गॅसची शेगडी आणून ठेवली. जन्मभर शिवणकाम केलेली माई डोळे अधू झाल्यापासून मुलासुनेकडे मागच्या खोलीत असायची. जेवण अर्थातच सगळ्यांबरोबर.

"माई, ती चुली किती म्हणून विचारेल. तू आपलं दोन म्हण," मुलगा म्हणाला. "चूल वेगळी धरली की तू बिनउत्पन्नाची ठरतेस आणि औषधं फुकट मिळतात. एक म्हणालीस तर माझा पगार तुझ्याही खात्यात धरतात."

पोरगा वाईट नव्हता. औषधांपायी त्याच्या नाकी नऊ येत होते, ते माईला दिसत होतं. पण चूल वेगळी करायची म्हणजे भांडून निघायचं, एवढंच तिला ठाऊक.

मुलगी आली. भिंती पक्क्या का, पंखे किती, कोण किती शिकलं, सगळं भराभरा टिपून तिने विचारलं, "चुली किती?"

"चूल कसली गं, गॅस आहे."

मुलगी हसली. "तसं नाही आजी. एकत्र रांधून जेवतात ते एक कुटुंब, असं आम्ही धरतो. तुमचं यांच्यातच, का वेगळं?"

मुलगा दारात उभा होता. सून ओट्यापाशी पाठमोरी.

"वेगळं," माई म्हणाली.

मुलीने शेगडीकडे पाहिलं. शेगडी लख्ख होती. तिने काहीतरी लिहिलं आणि गेली.

संध्याकाळी सून म्हणाली, "माई, पडताळणीला न सांगता येतात म्हणे. शेगडी कोरी दिसली तर पंचाईत. थोडे दिवस तुमचं तुम्ही करता का?"

"करते की."

थोडे दिवस संपले असं कोणी म्हणालं नाही. आधी नात वाटीभर भाजी आणून द्यायची, मग तेही राहिलं. पलीकडे ताटं वाजली की माई अर्धवट उठायची. पुढे उठेनाशी झाली. वाईट वाटायला हवं होतं, पण बधिर झालेल्या पायासारखं काहीच कळत नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी मुलगी पुन्हा आली. शेगडीवर उतू गेलेल्या दुधाचे डाग होते. शेजारी एक पातेली, एक ताट, एक वाटी.

मुलीला हायसं वाटलं. "खरं सांगू आजी? मागच्या वेळी वाटलं, शेगडी मला दाखवायलाच मांडलीये. तुमच्या नावापुढे शंका लिहिली होती मी. आता खोडते."

"खोड बाई."

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "सुटलो एकदाचे! औषधांची काळजी मिटली."

आता तो 'चल जेवायला' म्हणेल, असं माईला वाटलं. इतक्या दिवसांनी आत काहीतरी हललं. ती उठूनही उभी राहिली.

"गॅस संपत आला की आधी सांगत जा," असं म्हणून तो पलीकडे गेला.

तिकडे ताटं वाजली. उठलीच होती, तर माईने मूठभर तांदूळ धुवायला घेतले.