शपथेचं पाणी

रामचंद्रने तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. मग मिशी पुसून ग्रामदेव बहिरीच्या देवळात बसलेल्या गावकीवर एकदा नजर फिरवली.

"झालं समाधान? मेलो का मी?"

कुणी हसलं नाही. देवळातही माश्या घोंगावत होत्या. उन्हाळ्यापासून त्यांनी गावाला नुसता उच्छाद आणला होता. लोक एका हाताने ताटावर वारा घालत दुसऱ्या हाताने जेवत. त्यात आता विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला होता. वर माळावर रामचंद्रची पोल्ट्री, तिच्यामागे कोंबड्यांच्या शिटेने भरलेल्या भुशाचा ढीग, आणि खाली उतारावर गावाची एकुलती एक विहीर. हे कळायला काय मोठी विद्या लागते?

"माझी पोरगी जुलाबानं दवाखान्यात पडलीय," सदू म्हणाला. "उद्याची पिल्लांची गाडी मी वर चढू देनार न्हाय."

"पानी चांगलं हाय. म्हनून तर देवासमोर प्यालो."

शपथ रामचंद्रनेच मागितली होती. विहिरीचं पाणी देवासमोर प्यायचं, मग गावाने गाडी अडवायची नाही. हट्टी माणूस. आपलं पोट दगड पचवतं, एवढाच त्याचा हिशेब.

गावकीतली सगळ्यात जुनी बाई, आवडाबाई, तिने तांब्या पुढे सरकवला.

"शपथ घराची असते रामचंदर. घरानं प्यायला पायजे."

त्याची बायको कमळ प्यायली. मुलगा सुजित डोळे मिटून प्यायला. सून मृणाली एक घोट प्यायली. तिच्या मांडीवर तान्ही पोर होती. रामचंद्र गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला.

"बस रं," आवडाबाई म्हणाली. "नातीचं बारसं झालं ना?"

"झालं की रविवारी," कमळ म्हणाली.

"मग ती पन घरात मोजायची. नाव ठेवलेलं मानूस हाय ते. बोटभर लाव गो तिच्या व्हटाला."

बारसं झालं म्हणजे पोरही घरात मोजली जाईल, हे रामचंद्रच्या ध्यानातच आलं नव्हतं. मृणालीने सासऱ्याकडे पाहिलं. ती बाळंत झाल्यापासून घरात पालीहून विकतच्या पाण्याचे जार येत होते. रामचंद्र स्वतः आणायचा, पहाटे, गाव उठायच्या आत. हे गावाला ठाऊक नव्हतं, तिला होतं.

तिने बोट तांब्यात बुडवलं. हळूच वर काढलं. नजर सासऱ्यावरून हलवली नाही. बोटाच्या टोकाशी थेंब लोंबत होता. आईचं बोट जवळ आलेलं बघून पोरीने तोंड उघडलं.

रामचंद्रला भीती वाटली. त्याने झेप घेऊन सुनेचं मनगट धरलं.

थेंब पोरीच्या दुपट्यावर पडला.

सदूने मान वर केली. आवडाबाईने तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी पायरीवर ओतून टाकलं. रामचंद्रने मनगट सोडलं नव्हतं.

"सुजित, गाडीवाल्याला फोन लाव."

"काय सांगू, बाबा?"

रामचंद्रने खांद्यावरचा पंचा ओढला आणि सगळ्या गावकीदेखत सुनेचं बोट पुसलं. कोरडं झालं, तरी पुन्हा पुसलं.