आयुष्यभराचे तेल

मित्रांनो, मला उभे अर्धे कापून या लोखंडी स्टँडवर बसवले आहे. तुमची बोटे कापू नयेत म्हणून कापलेल्या कडांना पिवळा रंग दिला आहे. मोटार दुरुस्ती शिकवणाऱ्या या शाळेत तुम्ही रोज माझ्यापाशी येता, माझ्या पोटातल्या चकत्या मोजता आणि पुढच्या टेबलाकडे वळता. मी एक जुना गिअरबॉक्स आहे, आपोआप गिअर बदलणारा. माझ्यावरच्या चिठ्ठीवर 'निकामी' एवढेच लिहिले आहे. कसा निकामी झालो ते कुणी लिहिले नाही, म्हणून मीच सांगतो.

कारखान्यात माझ्या पोटात पहिल्यांदा तेल भरले, ते डाळिंबाच्या रसासारखे लाल आणि नितळ होते. लोकांना वाटते, तेल म्हणजे नुसते वंगण. माझे सगळे जगणेच त्याच्यावर होते. त्याच्या दाबाने माझ्या चकत्या एकमेकींना घट्ट धरत, त्याच्यातूनच इंजिनाची ताकद चाकांकडे जाई आणि तेच मला थंडही ठेवी.

ज्यांना पुढे सगळे मास्तर म्हणू लागले, त्यांनी माझी गाडी घेतली. ते पूर्वी ट्रक चालवत. एका अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढचे सहा महिने त्यांनी खिडकीत बसून काढले. मग कुणीतरी सांगितले की क्लच नसलेली गाडी एका पायानेही चालवता येते, आणि ते उठले. स्वतः चालवून ते थांबले नाहीत. ज्यांच्या हातापायांत काही ना काही उणे आहे, अशांना गाडी शिकवायची शाळाच त्यांनी काढली. ज्यांचे दोन्ही पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी स्टिअरिंगजवळ एक दांडा बसवून घेतला. तो पुढे ढकलला की ब्रेक लागे, खाली दाबला की गाडी वेग घेई. अशी गाडी शहरात ती एकच होती.

मला त्या कामाचा अभिमान होता. दिवसभर मैदानावर थांबायचे, निघायचे, पुन्हा थांबायचे. एक निवृत्त पोस्टमन इतके जपून चालवत की मास्तर म्हणत, आजोबा, मागची मुंगी कधीची हॉर्न देतेय. संध्याकाळी मास्तर बॉनेटवर थाप मारून सगळ्यांना सांगत, हा गडी कधी कुरकुर करत नाही. ते ऐकून मी फुगून जाई. माझे तिथेच चुकले. थोडी कुरकुर करायला हवी होती.

मैदानाला लागून त्यांच्या मेकॅनिक मित्राचे गॅरेज होते. एके दिवशी त्याने गाडी चालू ठेवून माझी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली आणि पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला. तो तपकिरी होता.

"मास्तर, चाळीस हजार किलोमीटर झाले. तेल बदलू या."

"अरे, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, हे आयुष्यभर पुरतं."

"कुणाच्या आयुष्यभर, ते लिहिलंय का?"

मग त्याने नीट समजावले. साध्या गाडीला साठ हजारांपर्यंत चालून जाते. पण ही गाडी दिवसभर थांबते, निघते, चढावर शिकाऊ हातांत तापते. तापलेले तेल लवकर मरते. मास्तरांना ते पटले. अडचण एकच होती. गाडी एक दिवस गॅरेजात ठेवावी लागणार होती, आणि त्या दिवशी कुणाला येऊ नका म्हणायचे? सहा महिने वाट पाहून नंबर लागलेल्या माणसाला नाही म्हणणे मास्तरांच्या जिवावर येई. ते म्हणाले, पुढच्या सोमवारी. असे किती सोमवार गेले, ते मी मोजायचे सोडून दिले.

त्यानंतर वर्षभराने ताई आल्या. लहानपणीच्या आजाराने त्यांचे दोन्ही पाय लुळे झाले होते. एका इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत त्या रक्त तपासत. दहा वर्षे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून जग पाहिले होते. आता इस्पितळाला लांबलांबच्या दवाखान्यांतून नमुने गोळा करून आणणारे माणूस हवे होते. व्हॅनला दांडा बसवून देऊ, पण महिनाअखेरीपर्यंत परवाना आणा, असे साहेबांनी ताईंना सांगितले होते.

त्यांचा हात फार छान बसला होता. दांडा त्या इतक्या हळुवार दाबत की मला धक्का म्हणून लागत नसे. पण तोवर मी थकलो होतो. गिअर पडायला वेळ लागे, पडला की झटका बसे. ताईंचे नाक प्रयोगशाळेतले. एकदा त्यांनी गाडी थांबवून विचारले, मास्तर, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का? मास्तर म्हणाले, ब्रेकचा असेल.

परीक्षेच्या दिवशी ऊन कडक होते. ताईंनी सगळे चोख केले. शेवटी चढ होता. मध्ये थांबायचे आणि मागे न घसरता पुन्हा निघायचे. त्या थांबल्या. मग त्यांनी दांडा खाली दाबला. इंजिन ओरडू लागले, पण माझ्या चकत्या करपलेल्या तेलात नुसत्या फिरत राहिल्या. मी जीव तोडून धरायचा प्रयत्न केला. पकड येईना. ताईंनी दांडा पुढे ढकलेपर्यंत गाडी मागे घसरत गेली आणि रिकाम्या पिंपावर आदळली.

कुणाला लागले नाही. परीक्षक कागद घेऊन आले. ताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. माझ्याच हातून चुकलं असेल, असे त्या पुटपुटल्या. परीक्षक मास्तरांकडे वळले.

"गाडीत काही दोष होता का? असेल तर मी तसं लिहितो."

मास्तर कुबड्यांवर उभे होते. दोष आहे म्हटले तर शाळेचा परवाना जाणार, वीस जणांचे शिकणे थांबणार. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही," ते म्हणाले. "गाडी ठीक आहे."

परतीच्या सपाट वाटेवर मी कसाबसा चालत होतो. ताईंनी एकदाच विचारले, मी दांडा उशिरा दाबला का? मास्तर म्हणाले, होतं असं पहिल्या वेळी.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने माझे तेल काढले. ते डांबरासारखे काळे होते. तळाशी असलेल्या चुंबकावर लोखंडाच्या किसाची लव आली होती. मास्तर स्टुलावर बसून ते बघत राहिले. ताईंना फोन करायला त्यांना आठ दिवस लागले. त्या आल्या तेव्हा मास्तरांनी काळ्या थेंबाचा कागद त्यांच्या हातात दिला.

"चूक तुमची नव्हती, ताई. मला वर्षभर माहीत होतं."

ताईंनी कागद उजेडाकडे धरून पाहिला.

"परीक्षकांनी विचारलं, तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते, मास्तर," त्या म्हणाल्या. "मी कालच इस्पितळाला लिहून दिलं, की हे काम मला झेपणार नाही."

त्या ओरडल्या नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी तो परत दिला आणि निघून गेल्या.

मास्तरांनी पुढे खरे काय ते परीक्षकांना लेखी कळवले. शाळा बंद झाली. ताईंना पुन्हा परीक्षा देण्याची मुभा मिळाली, मेकॅनिकने दुसरी गाडी मिळवून तिला दांडाही बसवला. ताई एकदा तीत बसल्या. दांड्यावर हात ठेवला, पण तो खाली दाबलाच नाही. त्या उतरल्या. अजून त्या तळघरातच काम करतात असे मास्तर सांगत होते. हे त्यांनी सांगितले ते मला इथे आणून दिले त्या दिवशी. पोरांना दाखवायला याला कापा, असे त्यांनीच तुमच्या सरांना सांगितले, आणि माझ्याकडे न बघता ते गेले.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखाली गाड्या येतील. पट्टी काढा, थेंब बघा, त्याचा वास घ्या. लाल असेल तर गाडी खुशाल जाऊ द्या. तपकिरी दिसला, की मालकाला पुढचा सोमवार देऊ नका. गिअर पडायला वेळ लागतो असे कुणी म्हणाले, तर हसण्यावारी नेऊ नका. आणि तुमच्याकडून कधी उशीर झालाच, तुमच्या चुकीसाठी दुसरे कुणी स्वतःला दोष देत असेल, तर त्याच घटकेला खरे सांगा. वेळेवर मला नवे तेल मिळाले असते, तर मी आणखी कितीतरी वर्षे चाललो असतो. पण ताईंच्या हातांतला गेलेला विश्वास परत भरून देणारा कारागीर मला आजवर भेटलेला नाही.