डाग दाखवणारी चादर

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी चादर आहे. एका कोपऱ्याला ठिगळ आहे, पण सूत अजून दमदार आहे.

मागावरून उतरले आणि मावशींच्या घरी आले. मावशी लोकांचे कपडे धुऊन द्यायच्या, त्यांचे यजमान, म्हणजे काका, ते पिळून दोरीवर टाकायचे. मावशींची धुलाई म्हटले की गिऱ्हाईक दुसरीकडे बघत नसे.

मग समोरच्या कारखान्याने नवी भट्टी सुरू केली. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडू लागले. गिऱ्हाइके तुटू लागली आणि मावशींचा धंदा बसायची वेळ आली. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून कारखान्याकडे तक्रार केली, तेव्हा मॅनेजरसाहेब स्वतः बघायला येतो म्हणाले.

आता गंमत ऐका. साहेब येणार म्हणून गल्लीने आदल्या दिवशी एकूण एक कपडा घासून घरातच वाळवला. पाहुण्यासमोर मळके कपडे ठेवायचे कसे? साहेब आले, तर जिकडे तिकडे लख्ख. इथे तर काहीच नाही, असे ते म्हणाले आणि सगळे एकमेकांची तोंडे बघू लागले.

मावशींनी मला भिजवून दोरीवर टाकले आणि खुर्ची मांडली.

"बसा साहेब, चहा घ्या. ही वाळली की जा."

साहेब बसले. मी वाळले तोवर माझ्यावर ठिपके आले होते आणि साहेबांच्या शर्टावरही. त्यांनी ते झटकले.

"झटकू नका, पसरतं," मावशी म्हणाल्या. "शर्ट ठेवून जा, धुऊन देते. वाळवायचा कुठे, ते मात्र तुम्हीच सांगा."

साहेबांनाही हसू आले. भट्टीच्या धुराड्याला काजळी अडवणारा फिल्टर बसवतो, असे ते कबूल करून गेले.

फिल्टर काही लगेच बसला नाही. पण गल्लीने दर महिन्याला फाटकावर जाऊन विचारणे सोडले नाही, आणि शेवटी तो बसला. आता कारखानाच मला आठवड्यातून एकदा आवारात वाळत घालतो. गल्लीतली आणि कारखान्यातली माणसे मिळून मला उलटसुलट करून तपासतात. मध्यंतरी ठिपके दिसले, तर फिल्टर त्याच दिवशी साफ झाला.

मावशी आज नाहीत. पण जाण्यापूर्वी त्यांनी आपली दोरी पुन्हा भरलेली पाहिली. काका अजून कपडे घेतात. मावशींइतके शुभ्र निघत नाहीत, असे तेच म्हणतात.

मित्रांनो, हवा सगळ्यांची आहे, तिला जपा. ती खराब करणाऱ्याला विचारायला लाजू नका, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. डाग धुवायचे तर खरेच, पण आधी ते दाखवा.