देवीच देवीवर कोपली

हेंद्रेपाड्यात त्या वर्षी नळ कोरडे होते, पण शिवराम महाराजांचा कलश कधी रिकामा झाला नाही. दर मंगळवारी त्यांच्या पत्र्याच्या शेडपुढे ही गर्दी! भक्ताने तळहाताला हळद चोळायची, महाराजांनी वर तीर्थ सोडायचं, की हळद लालभडक. हा देवीचा कोप. दक्षिणा ठेवली की महाराज त्यावर लिंबू पिळायचे आणि हळद पुन्हा पिवळी. ही देवीची माया. इतक्या झटपट मूड बदलणारी आई मी दुसरी पाहिली नाही.

भिमाबाई रांगेत होती. तिच्या मुलीला, यशोधरेला टायफॉईड झालेला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण ताप उतरायला वेळ लागत होता, म्हणून गोळ्यांची पुडी महाराजांचा हात लावून घ्यायला आणलेली. घर बौद्ध. धर्मांतर केलं तेव्हा सासऱ्याने घरातले देव टोपलीत भरून उल्हास नदीत सोडले होते. शेजारणीने नेमकं तेच महाराजांच्या कानावर घातलं होतं.

भिमाबाईचा हात लाल झाला. महाराजांनी लिंबाकडे बघितलंही नाही.

"आईला नदीत बुडवलंत? मग पोर तापणारच! घरात परत देवी बसव. तोवर डाक्टरची गोळी बंद, नायतर आई अजून खवळेल."

"पण पोरीनं काय केलंय तिचं? तेव्हा तर मी पण ह्या घरची सून नव्हते."

"आईचा राग म्हणजे प्रेमच, बाई. तुझ्या डोक्यात नाय शिरायचं ते."

भिमाबाईने पुडी शेडमधल्या देवीच्या मूर्तीपुढे ठेवली. मला संताप आला. पण रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या अंजनीबाई माझ्याआधी पुढे झाल्या. त्या जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी कलश उचलला आणि हळदीने माखलेल्या देवीवरच ओतला.

देवी डोक्यापासून पायापर्यंत लाल!

"अगंबाई! महाराज, देवी स्वतःवरच कोपली की! हिनं कुठल्या नदीत काय टाकलं होतं?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी लिंबू पिळलं, देवी पिवळी.

"बघा, माफ पण केलं! दक्षिणा न घेता!"

"पाखंडी! आई भस्म करेल!"

"कशानं? चुन्यानं? अहो, पानाचा चुना पाण्यात कालवायचा आणि वरची निवळी घ्यायची. हळद लाल होते. लिंबाच्या आंबटानं परत पिवळी. घरी करून बघा सगळ्यांनी."

महाराज कलश ओढायला लागले. भिमाबाईने पुडी उचलून कनवटीला लावली.

"मी पण चिडते पोरीवर," ती महाराजांना म्हणाली. "धपाटा पण घालते. पण ताप असला तर आधी औषध पाजते. तुमची ही कसली आई?"

 पुढच्या मंगळवारी शेडला कुलूप होतं.

देव मानावा की न मानावा, ज्याचं त्यानं ठरवावं. पण आजाऱ्याचं औषध बंद करायला सांगणारा प्रेमळ देव कोणी दाखवला, तर कलशात काय आहे ते आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत थांबू नका, लेकराला गोळी द्या.